चार जीबीतली पाऊण जीबी गेली कुठे?

वाचकांचे प्रश्न : संगणक दुरुस्ती

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी यांबद्दल काही अडलं असेल तर मदरबोर्डाचं नाव आणि स्क्रीनचा फोटो यांसह कळवा. पत्रं आली ती बहुतेक सगळी जुन्या मशीनची. मला त्याचा आनंद झाला. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर येणारी निम्म्याहून जास्त मशीन अशीच असतात. कुणाचं शाळेला देणगीत मिळालेलं, कुणाचं वर्कशॉपमध्ये अजून रोजची भाकरी कमावणारं. यातली कितीतरी मशीन चुकीच्या निदानामुळे भंगारात जातात. ते मला बघवत नाही, म्हणून या वेळी उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : ताई, तासगाव तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. माजी विद्यार्थ्यानं दिलेल्या संगणकात ९४५ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि ३२ बिटांची विंडोज ७ आहे. आम्ही वर्गणी काढून २ जीबीच्या दोन डीडीआर२ पट्ट्या घातल्या, तरी मशीन ३.२५ जीबीच वापरतं. मुलांना व्हिडिओ नीट दिसावेत म्हणून १ जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तर आकडा उलट ३ जीबीवर आला. एका दुकानदारानं ‘पट्ट्या डुप्लिकेट आहेत, बदलून घ्या’ असं सांगितलंय. पालकांकडे पुन्हा वर्गणी मागायला जीभ रेटत नाही. काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, वर्गणी मागू नका. तुमच्या पट्ट्या खऱ्या आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोतच त्याचा पुरावा आहे : ‘इन्स्टॉल्ड मेमरी ४.०० जीबी’ आणि त्यापुढे कंसात ‘३.०० जीबी युजेबल’. बोर्डाला चारही जीबी दिसताहेत. विंडोजला त्यातली एक वापरता येत नाही, एवढंच.

याचं कारण समजलं की निम्मी काळजी जाईल. प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला त्याच्या पत्त्यानं ओळखतो. ३२ बिटांत मावणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचा भाग, यूएसबीचा भाग, एवढंच काय, खुद्द बायॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची चिप, या सगळ्यांना प्रोसेसरशी बोलायला याच यादीतले पत्ते लागतात. ही मंडळी ४ जीबीच्या टोकाकडून खाली अशी बसत येतात. बायॉस तर अगदी टोकाला.

आमच्या भागात एक हाउसिंग सोसायटी झाली तेव्हाची गोष्ट आहे. नंबर जेवढे ठरले होते तेवढेच प्लॉट पाडले आणि मग मंदिर, पाण्याची टाकी, बालवाडी यांनाही त्यातलेच नंबर देऊन टाकले. शेवटच्या काही घरांना नंबरच उरला नाही. घरं पक्की होती, माणसं राहत होती, पण पोस्टमन तिथवर जायचा नाही. तुमच्या रॅमचा वरचा तुकडा म्हणजे ती शेवटची घरं.

आता कार्ड घातल्यावर आकडा आणखी का उतरला ते सांगते. कार्डावर १ जीबी मेमरी असली तरी ते सगळ्या जीबीचे पत्ते मागत नाही. २५६ एमबीची एक खिडकी मागतं, आणि प्रोसेसर त्या खिडकीतून कार्डाच्या मेमरीत ये-जा करतो. ३.२५ मधून पाव जीबी गेली की उरतात ३.००. तुमचा हिशोब तंतोतंत जुळतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर ‘व्ह्यू’मध्ये ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडा आणि ‘मेमरी’ची फांदी उलगडा. कुणी कुठून कुठवरचे पत्ते घेतलेत त्याची पूर्ण यादी तिथं आहे. सातवी-आठवीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीसाठी ती द्या. आकडे सोळा पायाच्या पद्धतीत आहेत, पण मुलं शिकतात.

लोक म्हणतील, ६४ बिटांची विंडोज टाका. एरवी तो सल्ला बरोबर आहे. ६४ बिटांची विंडोज आणि बायॉसमधलं ‘मेमरी रीमॅप’ चालू, असं जमलं की अडलेला रॅमचा तुकडा ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलवता येतो आणि तो परत मिळतो. पण तुमचा बोर्ड ९४५ चिपसेटचा आहे. चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि कार्डं यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा. त्या चिपसेटला ४ जीबीच्या वर रॅम हलवण्याची सोयच नाही. विंडोज कुठलीही घाला, गेलेली जीबी परत येणार नाही. या एका कामासाठी मशीनला फॉरमॅट मारून घेऊ नका.

इंटरनेटवर ३२ बिटांच्या विंडोजमध्ये पूर्ण रॅम दाखवणारे पॅचही मिळतात. त्यांच्यामागे एक खरी गोष्ट आहे : १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरना ३६ बिटांचे, म्हणजे ६४ जीबीपर्यंतचे पत्ते वापरण्याची युक्ती येते. पण मोठे पत्ते आले की पुष्कळ ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि सुटे भाग यांच्यातले दुभाषी प्रोग्राम, कोलमडायचे, म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून घरगुती ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीची मर्यादा घातली. पॅच ती मर्यादा उठवतो, ड्रायव्हर मात्र तेच राहतात. आणि तुमच्या चिपसेटला वर पत्तेच नसल्यानं तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दोन गोष्टी तपासा. एक, बायॉसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स अजून चालू आहे का. काही बोर्डांवर कार्ड घातलं तरी ते आपोआप बंद होत नाही, आणि मग दोघंही जागा अडवतात. दुसरी, ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून ‘मॅक्सिमम मेमरी’पुढची खूण काढून टाका. पूर्वी कुणी तिथं काही आकडा टाकून ठेवलेला असतो. एवढं करून ३ जीबीच राहिली, तर ती पुरते. शाळेच्या कामाला त्या मशीनमध्ये रॅमपेक्षा जुनी हार्ड डिस्क जास्त अडते. पुढे कधी वर्गणी जमली तर १२० जीबीची साधी एसएसडी घ्या, मुलांना फरक पहिल्या दिवशी कळेल.

प्रश्न : आष्ट्यात माझं टॅलीचं काम चालतं. मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे, वेगळं कार्ड नाही. बायॉसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर’ ६४ वरून ५१२ केलं तर वेग वाढेल का?

उत्तर : नाही, कमी होईल. तो आकडा म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच रॅममधून कापून ग्राफिक्सला दिलेला हिस्सा. तो विंडोजला परत मिळत नाही. वर जास्त लागलं तर ड्रायव्हर गरजेपुरती रॅम त्या-त्या वेळी मागून घेतो आणि काम झालं की सोडतो. टॅलीला ६४ भरपूर झाले. एखादा प्रोग्राम ‘५१२ एमबी डेडिकेटेड हवी’ म्हणून इन्स्टॉलच होत नसेल, तेव्हाच वाढवा. ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडीनं घाला. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमच्याच वाटेवरून चालतं, ती वाट दुपदरी झाली तर त्याला खरा फायदा होतो.

प्रश्न : ताई, कुपवाड एमआयडीसीत माझं नक्षीकामाचं छोटं वर्कशॉप आहे. मशीन चालवणारा संगणक पेंटियम ४ चा आहे, ८४५ चिपसेट, ५१२ एमबी रॅम, एक्सपी. मशीनचं कंट्रोलर कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नाही, म्हणून संगणक बदलता येत नाही. जुनं एजीपी कार्ड मेलं. पुण्याहून एफएक्स ५२०० आणून बसवलं. आता डिझाइन फिरवून बघताना स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात आणि मशीन हँग होतं, कधीकधी काम अर्ध्यात सोडून. बायॉसमध्ये ‘एजीपी अ‍ॅपर्चर साइज ६४ एमबी’ दिसलं. म्हणजे माझ्या ५१२ मधले ६४ तिथं अडकले का? मुलानं ते २५६ केलं तर जास्त हँग व्हायला लागलं असं वाटतं. आता ४ करू का? माझं वय ६१ आहे, नवीन मशीनचा खर्च झेपणारा नाही.

उत्तर : काका, ४ करू नका, आणि ६४ एमबी अडकलेले नाहीत.

हा गैरसमज पंचवीस वर्षांपासून फिरतोय. अ‍ॅपर्चर म्हणजे कापून ठेवलेली रॅम नव्हे. ती पुन्हा पत्त्यांचीच गोष्ट आहे. कार्डाची स्वतःची मेमरी भरली तर चित्रांचा माल रॅममध्ये ठेवायची मुभा एजीपीनं, म्हणजे त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाच्या खास स्लॉटनं, दिली, आणि जास्तीत जास्त किती ठेवता येईल त्याची सीमा म्हणजे अ‍ॅपर्चर. मागणी आली नाही तर रॅमचा एक कणही तिकडे जात नाही.

रॅममध्ये ती जागा सलग मिळत नाही. चार-चार केबीचे तुकडे जिथं सापडतील तिथं घेतले जातात. कार्डाला मात्र सगळं सलग दिसायला हवं. त्यासाठी चिपसेट एक तक्ता ठेवतो, त्याला गार्ट म्हणतात. तुमच्या गावाकडची जमीन डोळ्यांपुढे आणा. एकाच खातेदाराचे गावभर विखुरलेले पाच तुकडे असतात, पण आठ-अ च्या उताऱ्यावर ते एका खात्याखाली, एकाखाली एक दिसतात. गार्ट म्हणजे तो आठ-अ. आणि हा उतारा विंडोजला वाचता यावा लागतो. म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर घातलेला असायला हवा. कार्डाचा ड्रायव्हर घालतात आणि चिपसेटचा विसरतात, ही मी सगळ्यांत जास्त पाहिलेली चूक आहे. ‘रन’मध्ये ‘डीएक्सडायग’ लिहून ‘डिस्प्ले’चं पान बघा. ‘एजीपी टेक्श्चर अ‍ॅक्सिलरेशन’पुढे ‘नॉट अव्हेलेबल’ असेल तर आधी इंटेलचा चिपसेट ड्रायव्हर घाला, मग कार्डाचा पुन्हा घाला. हा क्रम पाळा.

तुमच्या मशीनसाठी अ‍ॅपर्चर ६४ वर ठेवा, फार तर १२८. खूप लहान केलं तर एजीपीची ही सोयच बंद पडते. २५६ नं नुकसान होतं असं नाही, पण ५१२ एमबीच्या मशीनमध्ये एखाद्या प्रोग्रामनं ती मुभा खरोखर वापरली तर बाकीच्यांना रॅम अपुरी पडते.

ठिपके आणि हँग यांचं मूळ मला दुसरीकडे दिसतं. बायॉसमध्ये अ‍ॅपर्चरच्या आसपासच ‘एजीपी फास्ट राइट’ असेल, ते ‘डिसेबल्ड’ करा. त्यात प्रोसेसर रॅमला वळसा घालून थेट कार्डात लिहितो. वाचायला छान वाटतं, पण जुन्या बोर्डांवर नव्या कार्डाशी त्याचं फारसं पटत नाही आणि वेगात पडणारा फरक डोळ्यांना दिसत नाही. एक दिवस काम करून बघा. तरी ठिपके आले तर एजीपीचा वेग ४एक्स वरून एक पायरी खाली आणा. एजीपीचा मूळ वेग सेकंदाला २६६ एमबीचा, ४एक्स म्हणजे त्याच्या चौपट, हजाराच्या थोडं वर. तुमच्या नक्षीकामाला २एक्ससुद्धा पुरून उरेल. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

‘काम अर्ध्यात सोडून’ हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. कंट्रोलर कार्ड एजीपीला चिकटून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटमध्ये आहे का? बऱ्याच बोर्डांवर त्या स्लॉटची आणि एजीपीची इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची, वायर एकच असते. ग्राफिक्सवर ताण आला की कंट्रोलरचा निरोप उशिरा पोचतो, आणि नक्षी काढणारं हत्यार थांबतं. कार्ड शेवटच्या स्लॉटमध्ये हलवा. स्लॉट बदलल्यावर एक्सपी ड्रायव्हर पुन्हा मागेल, म्हणून कंट्रोलरची सीडी हाताशी असल्याशिवाय कॅबिनेट उघडू नका. सीडी ओरखडलेली असेल तर आधी तिची कॉपी काढा. त्या सीडीशिवाय तुमचं सगळं वर्कशॉप बंद पडेल.

उघडलंच आहे तर बोर्डावरचे कपॅसिटर बघा. २००० च्या आसपासच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर खराब प्रतीचे कपॅसिटर गेले होते. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेला एक जरी दिसला, तर सगळ्या सेटिंग्ज व्यर्थ आहेत. आधी ते बदला. चांगला सोल्डरिंगचा माणूस अर्ध्या दिवसात करून देतो.

एक धोक्याची सूचना मात्र मनावर घ्या. एफएक्स ५२०० चालेना म्हणून भंगारातून आणखी जुनं एजीपी कार्ड आणून त्या स्लॉटमध्ये घालू नका. पहिल्या पिढीतली एजीपी कार्डं ३.३ व्होल्टची होती. ८४५ चा स्लॉट १.५ व्होल्टचा आहे. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून स्लॉटला अडसर आणि कार्डाला खाच असते. ३.३ व्होल्टची खाच कार्डाच्या लोखंडी पट्टीच्या बाजूला, १.५ ची त्या पट्टीपासून लांब. दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या कार्डाला दोन्ही खाचा. पण काही जुन्या कार्डांना दोन्ही खाचा असूनही ती आतून ३.३ चीच होती.

२००३ मध्ये मी एका दुकानात हाताखाली काम करत होते. एका फोटो स्टुडिओचं मशीन आलं, ८४५ चंच, ‘नो डिस्प्ले’. कार्ड गेलंय की बोर्ड, हे बघायला मी कपाटातलं एक जुनं कार्ड घातलं. दोन खाचा होत्या, बसलं. बटण दाबलं आणि चिपसेटच्या हीटसिंकखालून वास आला. बोर्ड गेला. आधी फक्त कार्ड गेलेलं होतं, बोर्ड मी घालवला. लग्नसराई होती आणि त्या माणसाचे तीन लग्नांचे फोटो त्या मशीनवर अडकले होते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून रात्रीत ते फोटो काढून दिले, आणि बोर्डाचे पैसे माझ्या पगारातून पाच महिने कापून घेतले गेले. तेव्हापासून कार्डाचा नंबर वाचून व्होल्टेजची खात्री केल्याशिवाय मी एजीपीच्या स्लॉटला हात लावत नाही. कार्ड बदलायची वेळ आलीच, तर काका, घालण्याआधी मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.

प्रश्न : मॅडम, मी विट्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झेड९७ बोर्ड, आय५ ४४६०, ८ जीबीची एक पट्टी आणि सेकंडहँड आरएक्स ५८० आठ जीबी. ‘रिसायझेबल बार’ चालू केला की गेम वेगात चालतात असं ऐकलं. बायॉसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू केलं आणि ‘सीएसएम’ बंद केला. तेव्हापासून मॉनिटर ‘नो सिग्नल’. कॅप्स लॉकचा दिवा मात्र दाबल्यावर लागतो-विझतो. मशीन गेलं का? बाबांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : मशीन जिवंत आहे. कॅप्स लॉकचा दिवा बघायचं तुला सुचलं, तिथंच निम्मं निदान झालं. बोर्ड सुरू होतोय, चित्र तेवढं बाहेर येत नाहीये.

आधी परत ये. पॉवरची वायर काढ, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं थांब किंवा ‘क्लिअर सीमॉस’चा जंपर वापर. सगळ्या सेटिंग्ज मूळ जागी येतील आणि चित्र दिसेल. तरीही नाही दिसलं तर कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला जोड. तुझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे.

आता झालं काय, ते. माझं आजोळ हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तिथं हळद साठवायला जमिनीत पेवं असायची. २००५ च्या पुरात त्यातली खूपशी गेली. पेवाचं तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पण आत उतरलं की पोत्यांवर पोती मावतील एवढी जागा. सगळा माल त्या तोंडातूनच आत जायचा आणि बाहेर यायचा. तुझं कार्ड म्हणजे ८ जीबीचं पेव आहे आणि त्याचं तोंड २५६ एमबीचं. वर तासगावच्या बाईंना सांगितलेली खिडकी ती हीच. प्रोसेसरला दुसऱ्या भागात माल टाकायचा असला की खिडकी तिकडे सरकवावी लागते.

रिसायझेबल बार म्हणजे ते तोंड पूर्ण पेवाएवढं करणं. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत ही सोय २००८ सालीच आली होती. घरगुती मशीनमध्ये ती वापरात आणली एएमडीनं, २०२० मध्ये आरएक्स ६००० मालिकेबरोबर, ‘स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरी’ या नावानं. एनव्हिडियानं २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेला दिली. ८ जीबीची खिडकी ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांत मावणारच नाही, म्हणून ‘अबव्ह ४जी’ लागतं. आणि सीएसएम म्हणजे नव्या बायॉसमध्ये जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय. ती पद्धत चालू असताना हे मोठे पत्ते नीट वाटता येत नाहीत, म्हणून सीएसएम बंद करायला सांगतात.

सीएसएम बंद केला की दोन तऱ्हेनं अडतं. पहिली : बोर्डाचा लोगो दिसतो, पण विंडोज येत नाही, मशीन पुन्हा बायॉसमध्येच जाऊन बसतं. याचा अर्थ डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, ती जीपीटी हवी. विंडोज १० मध्ये त्यासाठी ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता बदल करतं. तरी आधी बॅकअप घे. दुसरी : लोगोसुद्धा दिसत नाही, म्हणजे तुझं झालं ते. सीएसएम नसताना चित्र दाखवायला कार्डाच्या बायॉसमध्ये नव्या, म्हणजे ‘यूईएफआय’ पद्धतीचा एक भाग लागतो. आरएक्स ५८० मध्ये तो मुळात असतो. पण सेकंडहँड बाजारातली पुष्कळ ५८० कार्डं मायनिंगला, म्हणजे आभासी चलन कमावायला राबलेली असतात आणि त्यांची बायॉस बदललेली असते. अशा कार्डावर सीएसएम बंद केला की स्क्रीन काळी राहू शकते. काही कार्डांच्या कडेला बारीक स्विच असतो, त्याच्या दुसऱ्या बाजूला मूळ बायॉस असते. मशीन बंद करून तो सरकवून बघ. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ‘यूईएफआय’पुढे खूण आली तर समज, मूळ बायॉस मिळाली.

पण एवढं सगळं जमवलंस तरी हाती काय येईल? विंडोजवर एएमडीनं ५८० साठी ही सोय अधिकृतपणे दिलेली नाही, आणि तुझ्या बोर्डाच्या बायॉसमध्येही ती नाही. ‘अबव्ह ४जी’ चालू केल्यानं बार आपोआप मोठा होत नाही. बोर्डाची बायॉस बदलून ती सोय घुसवणारे लोक आहेत आणि त्यांचं काम हुशारीचं आहे. पण बायॉस लिहिताना वीज गेली की बोर्ड मेला, आणि मग चिप काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर पुन्हा लिहावी लागते. माझ्याकडे असे बोर्ड येतात. गेममध्ये फायदाही सारखा नसतो, काहींत चांगला, काहींत जेमतेम, एखाद्यात उलटा. हा धोका एका विद्यार्थ्याच्या एकुलत्या एक मशीनवर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या पत्रातली ‘८ जीबीची एक पट्टी’ मला जास्त खटकली. तशीच दुसरी डीडीआर३ पट्टी घे आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये घाल. तुझ्या मशीनला त्यानं जो फरक पडेल तो बारनं पडणार नाही. आणि बाबांना आजच सांग. बिघडलेलं काहीच नाही.

प्रश्न : मिरजेहून लिहिते. मुलीच्या आर्किटेक्चरच्या कामासाठी ऑनलाइन जुनं ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी’ घेतलं. विंडोजही ४ जीबी दाखवतं. पण मोठं ड्रॉइंग उघडलं की स्क्रीन गोठते. बायॉसमधली कोणती सेटिंग बदलू?

उत्तर : कोणतीही नको. तुमच्या फोटोत कार्डाच्या मागे निळं व्हीजीए पोर्ट आहे. खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. हे जुन्या कार्डाची बायॉस खोटी लिहून विकलेलं दिसतं. बऱ्याचदा आत २०१० च्या सुमाराची जीटीएस ४५० ची चिप आणि १ जीबी मेमरी निघते. विंडोज कार्ड सांगेल तो आकडा दाखवतं, आणि काम त्या खऱ्या १ जीबीच्या पुढे गेलं की गोठतं. जीपीयू-झेडची नवी आवृत्ती चालवा, अशा कार्डाच्या नावापुढे ती ‘फेक’ असं स्वच्छ लिहिते. त्या पानाचा फोटो काढून विक्रेत्याकडे परताव्याची मागणी करा, मुदत संपायच्या आत. संकोच करू नका, मुलीच्या शिक्षणाचे पैसे आहेत ते.

प्रश्न : पलूसमध्ये माझं डीटीपी सेंटर आहे. रात्री विजेच्या बोर्डाचा स्विच बंद करतो किंवा लोडशेडिंग होतं, की सकाळी मशीन ऑनबोर्ड ग्राफिक्सवर आलेलं असतं, तारीख जुनी दिसते, आणि कार्डाची सगळी सेटिंग्ज पुन्हा करावी लागतात. मदरबोर्ड बदलू का?

उत्तर : तारीख जुनी होते ना? मग बॅटरी संपली आहे. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळते. मल्टीमीटरवर नवी ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवते. २.७ च्या खाली गेलेली काढून टाका. बदलण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि तुमच्या चालू सेटिंग्ज कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. तुमच्यानंतर त्या मशीनला हात लावणाऱ्याला तो सापडेल.